कैचीवर उलटा ठेवलेला अॅम्प्लिफायर

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी, चहाच्या वेळेला, आमच्या बंद केलेल्या बाल्कनीत मजुरी ठरली: अडीच हजार रुपये, सुट्या भागांचा खर्च पावतीप्रमाणे वेगळा. हजर तिघे होतो. मी, माझी बायको आणि उमेळे गावचे एक निवृत्त मास्तर. मास्तरांनी रिक्षातून मांडीवर घेऊन आणलेला व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर टेबलावर होता. न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर तो साडेचौदा किलो भरला.

आकडा ऐकून मास्तर म्हणाले, "साहेब, घासाघीस करायची नाही असं घरून ठरवून आलोय. पण सवय आहे म्हणून एकदा विचारतो. दोन हजार?"

"अडीच."

"झालं. विचारायचं होतं, विचारलं."

बायको चहा ठेवता ठेवता म्हणाली, "मास्तर, तुम्ही दीड म्हणायला हवं होतं. मग हे दोनवर आले असते."

"वहिनी, मी शाळेत गणित शिकवलं. बाजार आमची मंडळी करते."

मी एका विमा कंपनीच्या हिशेब खात्यात नोकरी करतो. जुने रेडिओ आणि व्हॉल्व्हचे अॅम्प्लिफायर दुरुस्त करणं हा सुट्टीच्या दिवसांचा उद्योग आहे. त्यात वर्षाला फार तर सात-आठ कामं येतात आणि मिळणाऱ्या पैशांतून अवजारांचा खर्च निघतो. मास्तरांना माझा पत्ता आमच्या इमारतीच्या वायरमनने दिला होता. आमची इमारत ज्या वाडीवर उभी आहे ती मास्तरांच्या चुलत्यांची होती, हे त्यांनी बसल्याबसल्या सांगितलं. "तुम्ही टेबल मांडलंय ना, बरोबर त्याच्या खाली विहीर होती. सात पुरुष खोल." मी बिस्किटांची बशी पुढे केली.

अॅम्प्लिफायर त्यांच्या आळीचा होता, म्हणजे आळीतल्या घरांनी वर्गणी काढून घेतलेला. मास्तरांचे वडील तो सांभाळायचे, त्यांच्यानंतर मास्तर. मे महिन्यात आळीच्या क्रूसापाशी संध्याकाळी लोक जमतात आणि लदीन ही प्रार्थना म्हणतात. एकजण पुढे म्हणतो, बाकीचे दर ओळीला तेच उत्तर देतात. पुढे म्हणणाऱ्याचा आवाज या अॅम्प्लिफायरमधून चार भोंग्यांना जायचा. दोन वर्षांपूर्वी त्यातून घरघर सुरू झाली. दहा मिनिटं चालला की आवाज बसायचा, घसा बसल्यासारखा. म्हणून गेल्या वर्षी आळीने भाड्याचे नवे स्पीकर आणले, ज्यांत मशीन पेटीच्या आतच असतं.

"मग तेच आणा यंदाही," मी म्हणालो. "स्वस्त पडेल."

मास्तरांनी कप खाली ठेवला. मग त्यांनी जे सांगितलं ते असं. त्यांची आई अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. चालणं बंद झाल्यापासून तिची खाट क्रूसाकडच्या खिडकीला लावलेली आहे. ऐकू कमी येतं. कानातलं यंत्र आहे, पण त्यात तिला नुसता पंखा ऐकू येतो, म्हणून ते डब्यात असतं. भोंग्याचा आवाज मात्र तिला कळायचा आणि ती खाटेवरून उत्तर द्यायची. गेल्या वर्षी नव्या पेट्यांचा आवाज मोठा होता, पण तिला तो समजला नाही. तिसऱ्या संध्याकाळी, बाहेर लदीन चालू असताना तिने सुनेला विचारलं, "आज लदीन नाही का गो?"

मास्तर आत आले तर ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती. पुढच्या दिवसांत तिने विचारलंही नाही.

हे असं होऊ शकतं. भोंगा जाड सूर देत नाही, गाण्याचं वाटोळं करतो, पण बोललेला शब्द टोकदार काढतो. कान गेलेल्या माणसाला तेवढंच पुरतं. मी मास्तरांना हेही सांगितलं की यासाठी एवढा जुना अॅम्प्लिफायर लागत नाही. सात-आठ हजारांत नवं मशीन मिळतं, त्याला एक भोंगा जोडा आणि खिडकीशी लावा.

"ते माझ्याही डोक्यात आलं होतं," मास्तर म्हणाले. "पण आईला कळलं की हे फक्त तिच्यासाठी घेतलंय, तर ती खिडकी लावून घेईल. तिने आयुष्यात स्वतःसाठी वेगळी भाजी केलेली नाही. आळीचं मशीन दुरुस्त होऊन आलं म्हटलं की प्रश्नच मिटला."

म्हणून मी काम घेतलं. मेच्या पहिल्या आठवड्यात लदीन सुरू होणार होती.

रविवारी सकाळी काम सुरू केलं आणि लगेच अडलो.

व्हॉल्व्ह म्हणजे दिव्यासारखी काचेची नळी. अॅम्प्लिफायरच्या पत्र्याच्या डब्यावर हे व्हॉल्व्ह आणि लोखंडी ट्रान्सफॉर्मर उभे असतात. सगळी जोडणी डब्याच्या पोटात असते. त्यामुळे दुरुस्ती करायची तर तो उलटा करावा लागतो आणि उलटा केला की त्याचं सगळं नाजूक सामान खाली जातं. यासाठी नियम साधा आहे. आधी सगळे व्हॉल्व्ह उपटून काढायचे, अंड्यांच्या ट्रेमध्ये जागेच्या क्रमाने ठेवायचे, मगच डबा उलटा करायचा. मी आजवर हा नियम मोडला नव्हता.

या अॅम्प्लिफायरला मात्र चंदेरी रंग दिलेला होता. थोडाथोडका नाही. डबा, ट्रान्सफॉर्मर, बटणांच्या मधल्या फटी, व्हॉल्व्हची बुडं आणि काचाही, सगळीकडे थरावर थर. मी मास्तरांना फोन लावला.

"याला रंग कुणी दिला?"

"दरवर्षी देतो," मास्तर म्हणाले. "सणाआधी क्रूसाच्या रेलिंगला रंग काढतो ना, त्यातला उरतो. रेलिंग चकाचक आणि मशीन गंजलेलं, बरं दिसतं का?"

"किती वर्षं?"

"वडील असल्यापासून. का, चुकलं काय?"

काय चुकलं ते मी सांगितलं. चार छोटे व्हॉल्व्ह थिनरचे थेंब सोडून, तासभर वाट बघून, कसेबसे निघाले. पण मुख्य काम करणारे दोन मोठे व्हॉल्व्ह रंगाने आपल्या खोबणीत चिकटून बसले होते. अशा जुन्या व्हॉल्व्हची काच आणि बूड हे एकमेकांना डिंकासारख्या लुकणाने जोडलेले असतात आणि ते लुकण वाळलेलं असतं. काच धरून पिळली तर बूड जागेवर राहतं, काच फिरते, आतल्या तारा तुटतात. मी एकाला किंचित बळ लावून पाहिलं. काच केसभर फिरली. मी हात काढून घेतला. थिनर जास्त सोडलं तर ते लुकणही विरघळणार. असे व्हॉल्व्ह बाहेरून मागवता येतात, पण किंमत सोडा, यायलाच महिना-दीड महिना लागतो. तेवढा वेळ नव्हता.

म्हणजे हे दोन व्हॉल्व्ह जागेवर ठेवूनच डबा उलटा करायचा होता. ट्रान्सफॉर्मर व्हॉल्व्हपेक्षा उंच असते तर डबा त्यांच्यावर उभा राहिला असता. इथे काच ट्रान्सफॉर्मरपेक्षा दोन बोटं उंच होती. डब्याला कडांनी धरून अधांतरी टांगायला हवं होतं, आणि तेही काही दिवस, कारण माझं काम संध्याकाळी तासभर आणि रविवारी होतं. रोज उलटसुलट करण्यात धोका जास्त. मी जुन्या चौकटीचे दोन ठोकळे लावून पाहिले. सगळं वजन एका टोकाला, मोठ्या ट्रान्सफॉर्मरकडे होतं. ठोकळे डुगडुगले.

संध्याकाळी मास्तर स्वतः आले. सगळं बघून म्हणाले, "हे तर केळीचं काम आहे."

"कसं?"

"लोंगर, म्हणजे घड, जड झाला की केळ वाकते. नवखा माणूस लोंगराखाली काठी लावतो. फळ दबतं, काळं पडतं. आम्ही दोन बांबूंची कैची करून खोडाला टेकू देतो. भार खोडाने घ्यायचा, लोंगर मोकळा लोंबायचा. तुमची ही काच म्हणजे लोंगर."

डबा कडांनी धरायचा हे मला ठाऊक होतं. कशाने धरायचा हे ठाऊक नव्हतं. मास्तर परत गेले आणि अंधार पडायच्या आत चार बांबूचे तुकडे आणि केळीच्या सोपटाच्या ओल्या पट्ट्या घेऊन आले. केळीच्या खोडाचे थर सुटतात त्यांना सोपट म्हणतात. त्याच्या पट्ट्या वाडीत दोरीसारख्या वापरतात. त्यांनी टेबलाच्या दोन्ही बाजूंना एकेक कैची उभी केली, गाठी मारल्या, दात लावून आवळल्या. मी बांबूच्या खाचांत सायकलच्या ट्यूबचे तुकडे बसवले. मग आम्ही दोघांनी मिळून डबा उलटा केला आणि कैच्यांवर ठेवला. काच फळीपासून चार बोटं वर राहिली. मी वरून हाताने दाबून पाहिलं. हललं नाही.

"बघा," मास्तर म्हणाले आणि खिशातला रुमाल काढून हात पुसू लागले. शाळेत उत्तर बरोबर आल्यावर फळा पुसावा, तसे.

बायकोने दारातून पाहिलं. "आता याला पाळणा म्हणायचं की तिरडी?"

"वहिनी, ते साहेबांच्या हाताच्या गुणावर आहे."

पुढचे दोन दिवस काम नीट चाललं. व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरमध्ये वीज बंद केल्यावरही चारेकशे व्होल्ट आत साठून राहतात, ते आधी उतरवावे लागतात. मी ते उतरवतो, मीटर लावून शून्य आल्याची खात्री करतो, आणि तरीही चालू मशीनमध्ये मोजताना डावा हात पँटच्या खिशात ठेवतो, म्हणजे झटका बसलाच तर छातीतून जात नाही. मास्तरांना बोट लावून विचारायची सवय होती, "हे काय? हे काय?" म्हणून मी त्यांच्यासाठी एक लाकडी चमचा ठेवला. ते चमच्याने दाखवून विचारायचे.

दोष दोन निघाले. घरघर होत होती ती वाळलेल्या मोठ्या कंडेन्सरमुळे. आवाज बसत होता तो दुसऱ्या, लहान कंडेन्सरमुळे. तो गळका झाला होता आणि त्यातून एका मोठ्या व्हॉल्व्हला नको तेवढा भार मिळत होता. दहा मिनिटांत त्या व्हॉल्व्हच्या आतला पत्रा लाल होत असणार. रंगाने काच झाकली असल्यामुळे तो लाल झालेला कुणाला दिसला नव्हता. मंगळवारी ऑफिस सुटल्यावर मी ग्रँट रोडजवळच्या बाजारातून नवे कंडेन्सर आणले.

बुधवारी दुपारी बायकोचा फोन आला.

"ऑफिसात आहात?"

"मग कुठे असणार?"

"तुमचं ते बाळ कुशीवर वळतंय."

"म्हणजे?"

"म्हणजे डाव्या कैचीची गाठ सैल झालीय. जड टोक खाली आलंय. काच फळीपासून एक बोट राहिली असेल."

"हात लावू नकोस. वीज..."

"प्लग तुम्ही सकाळीच काढलाय, माझ्यासमोर लोंबतोय. आता काय करू ते सांगता, की इथे बघत बसू?"

"एकटीने उचलू नकोस. साडेचौदा किलो आहे. खाली काहीतरी सरकव. मऊ आणि जड. काचेला टेकता कामा नये, फक्त पत्र्याच्या कडेखाली."

"थांबा."

फोन तिने बंद केला. मी ऑफिसात पंधरा-वीस मिनिटं एका बेरजेवर बसून होतो. ती बेरीज तीन वेळा केली, तीन वेगळी उत्तरं आली. हे माझ्या बाबतीत सहसा होत नाही. काच फुटली असती तर माझं नुकसान पैशात मोजता आलं असतं. मास्तरांचं आलं नसतं. त्यांना पुन्हा एकदा आईच्या खोलीत जाऊन भिंतीकडे वळलेली पाठ बघावी लागली असती.

मग तिचा मेसेज आला: "राहिलं."

संध्याकाळी घरी आलो तर डब्याच्या जड टोकाखाली कापडी पिशवी होती. तिने त्याच दुपारी गिरणीतून गहू दळून आणले होते, पाच किलो. पिठाची पिशवी अजून कोमट होती. तिने ती उशीसारखी मधोमध दाबून खळगा केला होता, आणि त्या खळग्यात पत्र्याची कड बसली होती. पीठ जिथे हवं तिथे दबलं होतं, जिथे नको तिथे वर राहिलं होतं. काचेभोवती मोकळी जागा होती. मी टॉर्च लावून पाहिलं, दोन्ही व्हॉल्व्ह शाबूत होते. ठोकळ्यांपेक्षा आणि कैचीपेक्षाही हे चांगलं बसलं होतं, असं मी तिला सांगितलं.

"सांगू नका, पुढच्या वेळी आठवण ठेवा," ती म्हणाली.

मास्तरांना बोलावून घेतलं. त्यांनी गाठीला हात लावला. सोपट कागदासारखं वाळलं होतं आणि आकसून बारीक झालं होतं. आमची बाल्कनी पश्चिमेची, दुपारभर ऊन. मास्तरांचा चेहरा उतरला.

"वाडीत असं होत नाही," ते म्हणाले. "ओल्या सोपटाची गाठ चार महिने टिकते."

"वाडीत पाणी असतं."

"हो. दर चौथ्या दिवशी पाटाचं पाणी. सावली. ते धरलंच नाही मी." त्यांनी वाळलेली गाठ सोडवली. "आयुष्यभर मुलांना सांगितलं, उदाहरणात काय गृहीत धरलंय ते आधी लिहा."

बायको म्हणाली, "मास्तर, मी रोज तुळशीला पाणी घालते. सांगितलं असतं तर तुमच्या गाठींनाही घातलं असतं."

"चारशे व्होल्टवर पाणी!" मी म्हणालो.

"तुम्ही खिशात हात घालून उभे राहिला असता ना," ती म्हणाली.

मास्तर हसले, मग मीही. त्यांनी नायलॉनची दोरी घेऊन गाठी पुन्हा मारल्या, पण दात न लावता. पिशवी मी काढू दिली नाही. दोरी आणि पीठ, दोन्ही ठेवलं. पुढचे सगळे दिवस मशीन त्या पिठावर टेकून होतं. कथिलाचे कण, थिनरचा वास आणि रंगाचे पापुद्रे त्या पिशवीवर पडत राहिले. बायकोने दुसऱ्याच दिवशी गिरणीतून वेगळं पीठ आणलं. पहिल्या पिठाचं काय करायचं, हा विषय तिने काढला नाही. तिने तो मागाहून काढला.

नवे कंडेन्सर बसवल्यावर पहिल्यांदा वीज द्यायची वेळ आली. मी कधीच मशीनला थेट वीज देत नाही. मध्ये एक जुना साठ वॅटचा पिवळा बल्ब जोडतो. आत कुठे शॉर्ट असेल तर सगळा करंट बल्ब खातो, तो लख्ख पेटतो आणि मशीन वाचतं. सगळं ठीक असेल तर बल्ब क्षणभर पेटून मंद होतो. असे बल्ब आता दुकानात मिळत नाहीत. माझ्याकडे चार आहेत, मी ते कपड्यांच्या कपाटात ठेवतो. व्हॉल्व्हच्या मशीनला दुसरंही एक पथ्य असतं. बाहेर जाणारा आवाज घ्यायला काहीतरी जोडलेलं असावंच लागतं, नाहीतर आतला ट्रान्सफॉर्मर जळतो. तसा दुसरा ट्रान्सफॉर्मर मिळण्यासारखा नव्हता. तेव्हा चार छोटे व्हॉल्व्ह परत बसवून आधी माझा एक जुना स्पीकर जोडला, मग बल्ब, मग प्लग.

बल्ब पेटला. मास्तरांनी क्रूसाची खूण केली. बल्ब मंद झाला.

थिनर लावलेल्या फडक्याने मी दोन्ही काचांवरच्या रंगाला एकेक खिडकी करून ठेवली होती. खाली आरसा ठेवून आम्ही आत बघत राहिलो. अर्धा तास झाला तरी दोन्ही पत्रे काळेच होते. घरघर नव्हती. मास्तरांनी माईक घेतला आणि नव्वदपासून उलटे अंक म्हणायला सुरुवात केली. लदीन म्हणा, असं मी सुचवलं तर म्हणाले, "ती तपासायला म्हणायची नसते."

पण मोठा ट्रान्सफॉर्मर हाताला जास्त गरम लागत होता. जुनं वेटोळं, वर रंगाचे इतके थर, उष्णता बाहेर पडायला जागा नाही. मी मास्तरांना दोन अटी घातल्या. आवाजाचं बटण अर्ध्याच्या पुढे न्यायचं नाही. चारऐवजी एकच भोंगा लावायचा. आणि डब्यावर एक कागद चिकटवला: "याला रंग लावू नये."

मशीन पोचवायला मी त्यांच्या आळीत गेलो, तेव्हा क्रूसापाशी पाच-सहा जण बसले होते. त्यांच्यात भाड्याचे स्पीकर लावणारा एक तरुण होता. एकच भोंगा चालणार म्हटल्यावर त्याने विचारलं, "एका भोंग्यात आळीला काय ऐकू येणार, मास्तर? तो लावायचा तरी कुठे?"

"आमच्या घरामागच्या चिकूवर. खिडकीकडे तोंड करून."

"म्हणजे अख्खं मशीन आजीला?"

मास्तर रेलिंगचा ओला रंग लागला नाही ना, म्हणून बोटं बघत होते. ते उत्तर देणार नाहीत, हे माझ्या लक्षात आलं. मी बाहेरचा, तरी बोललो. आळीसाठी पेट्या लावाव्यात, त्यांचा आवाज चांगला आहे. माईकची एक तार या मशीनलाही द्यावी. दोन्ही एकाच वेळी चालतील, कुणाचं कमी होणार नाही.

तरुणाने क्षणभर विचार केला. "तार मी देतो. पण मास्तर, आजीने विचारलं तर काय सांगायचं?"

"काय सांगायचं?"

"की आळीचं मशीन दुरुस्त होऊन आलंय. खोटं आहे का त्यात?"

"नाही," मास्तर म्हणाले.

"मग झालं. तुम्ही उगाच परीक्षेला बसल्यासारखे बसलाय."

लदिनीच्या दुसऱ्या संध्याकाळी मी आणि बायको गेलो. मशीन मास्तरांच्या पडवीत स्टुलावर होतं. मी आधी डबा बघितला. सणासाठी त्याला ताजा चंदेरी रंग दिलेला होता. माझा कागद तेवढा व्यवस्थित सोडला होता, त्याच्या चारही कडांना हात न थरथरता ब्रश फिरवलेला.

मी मास्तरांकडे पाहिलं.

"व्हॉल्व्हना नाही लावला," ते म्हणाले. "त्यांना मोजे घातले होते. सणाला मशीन तसंच कसं ठेवणार, साहेब?"

बाहेर लोक जमले होते, मास्तर माईककडे गेले. आम्ही दोघं त्यांच्या आईच्या खोलीच्या दारात उभे राहिलो. खाटेवर एक लहानशी बाई उशीला टेकून बसली होती. तोंड खिडकीकडे होतं. सून शेजारी होती. चिकूवरच्या भोंग्यातून मास्तरांचा आवाज आला, नाकातून बोलल्यासारखा, पण प्रत्येक शब्द सुटा. बाहेरच्या लोकांनी उत्तर दिलं. म्हातारीचे ओठ हलले नाहीत. दुसरी ओळ झाली. तिसरी झाली. मी डाव्या हाताने खिशातली किल्ली घट्ट धरली होती, हे मला नंतर कळलं.

चौथ्या ओळीला तिने उत्तर दिलं. बाहेरच्यांपेक्षा थोडं मागून, पण पूर्ण. त्यानंतर एकही ओळ सोडली नाही.

संपल्यावर मास्तर आत आले. खाटेजवळ उभे राहिले.

"अरे, एवढी घाई कसली?" ती म्हणाली. "मागे पोलीस लागलेत काय? तुझा बाप कसा सावकाश म्हणायचा."

"उद्या सावकाश म्हणतो, आई."

"आणि भोंगा लहान का केलास? वरच्या घरांना जात नसेल."

"जातो, आई. सगळ्यांना जातो."

"बघ हो. वर्गणी सगळ्यांनी दिलेली असते."

सून खिडकीबाहेर बघू लागली. माझी बायको म्हणाली, "आजी, आम्ही स्टेशनकडच्या इमारतीत राहतो, आम्हाला तिथून ऐकू आलं म्हणून तर आलो." म्हातारीला ते ऐकू गेलं नाही. मास्तरांनी ते तिच्या कानाशी जाऊन पुन्हा सांगितलं. तिने समाधानाने मान हलवली आणि आम्हाला काही खायला दिलं का, असं सुनेला विचारलं.

पडवीत हिशेब झाला. मास्तरांनी पाकीट आधीच तयार ठेवलं होतं, पण बायकोने मध्येच पिठाचा विषय काढला. मास्तर म्हणाले, तेही मीच देणार, टेकू माझा सुटला. मी म्हणालो, टेबल माझं, टेबलावरच्या वस्तूची जबाबदारी माझी. थोडी वादावादी झाली आणि शेवटी माझं म्हणणं राहिलं. मास्तरांनी मला दिले: मजुरीचे अडीच हजार आणि कंडेन्सर, थिनर, तार मिळून पावतीप्रमाणे अकराशे पंचेचाळीस. त्यातून मी तिथल्या तिथे बायकोला दिले: पाच किलो गव्हाचे आणि दळणाचे मिळून दोनशे पस्तीस. तिने ते मोजून घेतले.